डावा बूट

डोंगर उठतो तेव्हा पाखरं दचकत नाहीत.
आधी त्याच्या कुशीतलं तळं कलंडतं,
थोडं पाणी सांडतं,
मग तो गुडघ्यांवर हात टेकून
म्हाताऱ्या कोळ्यासारखा कण्हत उभा राहतो
आणि समुद्राकडे चालू लागतो.
मागून एक मुलगी धावते, डोक्यावर पातेलं,
कारण तिचं घर त्याच्या पाठीवर राहिलंय
आणि घरात चुलीवर भात.

हाचिनोहेतल्या पोरांना हे तोंडपाठ आहे.
त्यांच्या आयांनाही.

मुलीचा चेहरा दुसऱ्या कुणी रंगवला.
माझ्या वाट्याला आला तिचा डावा बूट:
चार सेकंद, अठ्ठेचाळीस चित्रं.
तोक्योबाहेर, रेल्वे फाटकाशेजारच्या दुमजली घरात
आम्ही अकराजणी पांढरे सुती मोजे घालून बसायचो,
तीन बोटं कापलेले मोजे,
आणि पारदर्शक पत्र्यांवर उलट्या बाजूनं रंग भरायचो.
गाडी गेली की बाटल्या किणकिणायच्या.
बूट राखाडी, रंग क्रमांक त्रेसष्ट.
डोंगराचं शेवाळ, छत्तीस.

एका पहाटे आकड्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली.
एकतिसावा बूट शेवाळी झाला.
लक्षात आलं तेव्हा तो छायाचित्रणाला गेला होता.
मी कुणाला बोलले नाही.
कुणी विचारलंही नाही.

सेकंदाचा बारावा भाग.
पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

लोक म्हणतात, या सिनेमात काय एवढं आहे?
खलनायक नाही. तलवार एकच, तीही भोपळा कापायला.
मला विचाराल तर ते चार सेकंद आहेत:
ऐन धावपळीत मुलीची नाडी सुटते,
ती खाली बसते, गाठ मारते,
आणि डोंगर
थांबतो.
मागे वळून बघतही नाही, नुसता थांबतो,
एक पाय हवेत धरून.
तेवढ्यासाठी लोक पुन्हा पुन्हा येतात, असं मला वाटतं.
घरी कोण थांबतं आपल्यासाठी
एक पाय हवेत धरून?

लग्न होऊन या बंदरात आले, नवरा माकुलाच्या बोटीवर.
दर फेब्रुवारीत, समुद्र खवळलेला असताना,
त्र्याऐंशी खुर्च्यांच्या या थिएटरात तो सिनेमा लागायचा.
रॉकेलचा स्टोव्ह, सुक्या माकुलाचा वास,
आणि मी डोळ्यांत तेल घालून माझ्या चुकीची वाट बघत.
दिसायची. एक हिरवी ठिणगी.
शेजारचा नवरा घोरत असायचा.

मग एका वर्षी दिसली नाही.
त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.
मला वाटलं, डोळे गेले.

काल शेवटचा खेळ. उद्यापासून इथे गाड्या उभ्या राहणार.
सगळे गेल्यावर मी वर गेले
आणि नाराओकांना सांगितलं. पहिल्यांदाच, कुणालाही.
ते यंत्र पुसत होते. पुसतच राहिले.
म्हणाले, फिल्म तिथे तुटली होती, थंडीनं,
दोन चौकटी कापून जोडली.
टाकून दिल्यात?
नाही हो. एक पोरगा होता, यासुहारु,
जोडकाम बघत उभा राहायचा.
त्याला दिल्या. फार हट्ट केला त्यानं.
म्हणाला, बघा, हिच्या बुटात डोंगर शिरलाय.

आता कुठे असतो तो?
ट्यूनाच्या बोटीवर. दक्षिणेला कुठेतरी.
पत्र येत नाही.

जिना उतरताना माझी नाडी सुटली.
या वयात खाली वाकायचं म्हणजे एक कामच.
कठड्याला धरून बसले, गाठ मारली,
सुटली, पुन्हा मारली.
वरती नाराओकांनी दिवा विझवला नव्हता.
बाहेर माकुलाच्या बोटी दिवे लावून
निघायच्या बेतात होत्या.